एका दिवसाचे जास्त खाणे आणि त्यानंतरचे सात दिवस

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी वजनकाट्यावर उभी राहिले तेव्हा आकडा ७१.८ होता. दोनच दिवसांपूर्वी तो ७०.१ होता. चार महिने भाकरी मोजून खाऊन आणि रोज तीन मजले चढून जे सहा किलो उतरवले होते, त्यांतले पावणेदोन किलो पुरणपोळीच्या एका जेवणाने परत आले, अशी माझी ठाम समजूत झाली आणि त्या दिवशी काहीही खायचे नाही असे मी ठरवले. संध्याकाळपर्यंत दोन कप काळी कॉफी आणि पाणी यांवर निभावले. पाचच्या सुमारास घरी आल्यावर खांद्यावरची पर्सही न उतरवता फ्रिज उघडला, स्टीलच्या डब्यातल्या तूप थिजलेल्या गार पोळ्या ओट्यापाशी उभ्याउभ्याच खाल्ल्या, एकीमागून एक चार, आणि रात्री ‘एवीतेवी आठवडा वाया गेलाच आहे’ असे म्हणून पुन्हा भरपेट जेवले. पुढचे तीन आठवडे वजन जागचे हलले नाही. त्याचे कारण होळीचा दिवस हे नव्हते. होळीनंतरच्या दिवसांत मी जे केले, ते होते.

ज्यांनी वजन कमी करण्यास नुकतीच सुरुवात केली आहे आणि ज्यांच्यापुढे असा पहिला दिवस आला आहे किंवा लवकरच येणार आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, ज्या गरोदर आहेत किंवा बाळाला अंगावर पाजत आहेत, त्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा आणि पुढील मजकूर त्यानंतर वाचावा.

पहिली पायरी: ती रात्र

त्या रात्री फारसे काही करायचे नसते. पोट तुडुंब भरलेले असताना लगेच आडवे झाल्यास जळजळ आणि आंबट ढेकरा वाढतात, म्हणून जेवणानंतर दोन-तीन तास तरी झोपू नये. शक्य असेल तर दहा-पंधरा मिनिटे सावकाश शतपावली करावी. जेवणानंतरच्या अशा हलक्या चालण्याने रक्तातील साखर कमी प्रमाणात वाढते, हे अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. तहान लागेल तसे पाणी प्यावे आणि नेहमीच्या वेळी झोपावे.

घशात बोटे घालून उलटी काढणे आणि जुलाबाचे औषध घेणे या दोन गोष्टी मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नयेत. जुलाबाच्या औषधाने मुख्यतः पाणी आणि क्षार बाहेर पडतात, कारण अन्नातील बहुतेक उष्मांक लहान आतड्यात आधीच शोषले गेलेले असतात. वारंवार उलट्या काढल्याने जठरातील आम्लामुळे दातांवरचे आवरण झिजते आणि शरीरातील पोटॅशियम घटून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. मनात असा विचार एकदाही आला असेल, तर या लेखाचा शेवटचा भाग आधी वाचावा, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

दुसरी पायरी: सकाळचा वजनकाटा

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभे राहावे की नाही, याचे एकच एक उत्तर नाही. आकडा पाहून ज्यांचा धीर सुटतो, त्यांनी तीन-चार दिवस काटा पलंगाखाली सरकवून ठेवावा. ज्यांना रोज वजन पाहण्याची सवय आहे त्यांनी पाहण्यास हरकत नाही, परंतु त्या आकड्यात काय काय मिसळलेले असते हे आधी समजून घ्यावे. मला हे त्या सकाळी ठाऊक असते, तर पुढचे तीन आठवडे वेगळे गेले असते.

आपण खाल्लेल्या पिष्टमय पदार्थांचा काही भाग शरीर यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते. हा साठा प्रौढ व्यक्तीत साधारण अर्ध्या किलोच्या आसपास असतो आणि त्यातील प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. कमी खाण्याच्या दिवसांत हा साठा अर्धामुर्धा रिकामा असतो, आणि सुरुवातीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात वजन भराभर उतरते त्यामागे हेही एक मोठे कारण असते. पुरण, पोळी, भात, जिलेबी असे जेवण झाले की हा साठा पुन्हा भरतो. समजा, तो ३०० ग्रॅमने वाढला, तर त्यासोबतचे ९०० ग्रॅम पाणी धरून काट्यावर १.२ किलो अधिक दिसतात, आणि त्यात चरबीचा लवलेशही नसतो. त्यात पापड, लोणचे, भजी आणि मसालेभात यांतल्या मिठाने धरून ठेवलेल्या पाण्याची भर पडते. आतड्यातून पुढे सरकणाऱ्या अन्नाचेही स्वतःचे वजन असतेच. स्त्रियांच्या बाबतीत पाळीच्या आधीच्या दिवसांत शरीरात साचणारे पाणी हे आणखी एक कारण असते, आणि दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात आल्या तर आकडा अकारण भीती घालतो.

आता त्या पावणेदोन किलोंचाच हिशेब पाहू. शरीरावर एक किलो चरबी चढण्यासाठी गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात, असे ढोबळमानाने धरतात. म्हणजे १.७ किलो चरबीसाठी सुमारे १३,००० कॅलरी जादा हव्यात. तूप लावलेली मध्यम आकाराची एक पुरणपोळी ३०० कॅलरींची धरली, तर रोजचे पुरेसे जेवण जेवून त्याशिवाय मला चाळीसहून अधिक पोळ्या खाव्या लागल्या असत्या. मी खाल्ल्या होत्या पाच.

हे जादा पाणी नेहमीचे खाणे सुरू केल्यावर साधारणपणे तीन ते पाच दिवसांत उतरते. म्हणून वजन रोज घेत असाल, तर ते सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी घ्यावे, वहीत लिहावे आणि सात दिवसांच्या सरासरीची तुलना मागील सात दिवसांच्या सरासरीशी करावी. सुट्या एका दिवसाच्या आकड्यावरून कोणताही निर्णय घेऊ नये.

तिसरी पायरी: एकदाच हिशेब मांडावा

पाणी वगळले तरी जास्त खाल्ल्याचा काही परिणाम होतोच, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. समजा, एखाद्या व्यक्तीला वजन आहे तेवढे टिकवण्यासाठी रोज २,००० कॅलरी लागतात आणि ती रोज १,६०० कॅलरी खाते. आठवड्याची तूट २,८०० कॅलरी झाली. आता सातांपैकी एका दिवशी तिने ३,५०० कॅलरी खाल्ल्या, तर त्या दिवशी १,५०० कॅलरी जादा झाल्या; उरलेल्या सहा दिवसांची तूट २,४०० आहे, तेव्हा आठवड्याच्या शेवटी ९०० कॅलरींची तूट शिल्लक राहतेच. म्हणजे त्या आठवड्यातही वजन वाढत नाही, किंचित का होईना, कमीच होते. ठरवलेले वजन गाठण्याचा दिवस साधारण पाच दिवसांनी पुढे जातो, एवढाच काय तो या जेवणाचा खर्च. केळवण किंवा नातवाच्या बारशाचे जेवण यांसाठी पाच दिवस देणे मला महाग वाटत नाही.

परंतु हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही पाहावा. असे जेवण दर रविवारी होऊ लागले, तर चार आठवड्यांची तूट ११,२०० ऐवजी ३,६०० कॅलरी उरते, म्हणजे जवळपास दीड किलोऐवजी अर्धा किलोही उतरत नाही. म्हणून असे जेवण क्वचितच व्हावे; ‘क्वचित’ या शब्दाचा अर्थ महिन्यातून एकदा-दोनदा असा धरावा आणि तो वहीतल्या तारखांवरून तपासावा, आठवणीवरून नव्हे.

चौथी पायरी: शिक्षा करू नये

नवख्या माणसाची सर्वांत मोठी चूक येथे होते, म्हणून या पायरीवर मी थोडी अधिक थांबणार आहे. जास्त खाल्ल्याची भरपाई दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास करून करावी, हा विचार आपल्याकडे सहज येतो, कारण उपास आपल्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हणही आपलीच आहे. दिवसभर रिकाम्या पोटी राहिलेला माणूस संध्याकाळी शांतपणे वाटीभर आमटी घेऊन बसत नाही. हाताला जे लागेल ते, उभ्याने आणि भराभर खातो. उपासाचे म्हणून साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाल्ला, तर स्टार्च, तूप आणि दाण्याचे कूट मिळून ते जेवण रोजच्या भाजी-भाकरीपेक्षा भारीच ठरते.

उपासमार माणसाच्या भुकेचे काय करते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये केला. ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे रोज सुमारे १,६०० कॅलरींपेक्षा कमी अन्न देऊन भरपूर चालायला लावले गेले. त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले, आणि त्याबरोबर दिवसभर अन्नाचाच विचार मनात घोळू लागला. पुन्हा पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही त्यांच्यापैकी अनेकांना पोट भरल्याची जाणीवच बराच काळ होत नव्हती. आपण एक दिवस उपाशी राहतो ती गोष्ट याच्या जवळपासही जात नाही, हे खरे. तरी भूक दाबली की ती साठून राहते आणि पुढे वसूल होते, ही दिशा तीच आहे.

दुसरा प्रयोग मला आणखी जवळचा वाटतो. मानसशास्त्रज्ञ पीटर हर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७५ मध्ये विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग चव तपासण्याच्या निमित्ताने हवे तेवढे आइस्क्रीम खाऊ दिले. ज्या एरवी खाण्यावर ताबा ठेवून नसत, त्यांनी मिल्कशेकनंतर कमी आइस्क्रीम खाल्ले. ज्या नेहमी हात आखडून खात, त्यांनी मात्र मिल्कशेक प्यायल्यानंतर उलट जास्त खाल्ले. नेम मोडलाच आहे तर आता कशाला आवरायचे, हा विचार मिल्कशेकपेक्षा जड ठरला. माझ्या ओट्यापाशी त्या संध्याकाळी तेच घडले होते.

व्यायामाने भरपाई करण्याचा हट्टही सोडावा. सत्तर किलोच्या व्यक्तीने तासभर चांगल्या वेगाने चालले, तर साधारण २५० कॅलरी खर्च होतात, म्हणजे एक पुरणपोळीही पूर्ण जिरत नाही. दोन तास पळून गुडघा दुखावून घेतल्यास मात्र पुढचे पंधरा दिवस बसून काढावे लागतात. रोज जेवढे चालता तेवढेच चालावे.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर जेवण मुळीच टाळू नये. औषध पोटात आणि अन्न नाही, अशा स्थितीत रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. औषधाची मात्राही स्वतःच्या मनाने बदलू नये.

पाचवी पायरी: दुसऱ्या दिवशीचे पान

दुसऱ्या दिवशी सकाळचा नाश्ता नेहमीच्या वेळी करावा. सकाळी खरोखरच भूक नसेल तर तासभर थांबावे, पण दुपारचे जेवण टाळू नये. माझा त्या दिवसाचा बेत आता ठरलेला असतो: सकाळी मुगाचे एक धिरडे किंवा दोन उकडलेली अंडी, दुपारी ज्वारीची भाकरी, मेथी किंवा चवळईची भाजी, वाटीभर उसळ, काकडीची कोशिंबीर आणि मीठ न घातलेले पातळ ताक, संध्याकाळी मूठभर फुटाणे आणि एखादे फळ, रात्री दुधी घालून केलेली मुगाची खिचडी. यात उपासमार नाही आणि चैनही नाही. प्रथिने आणि चोथा पुरेसा असल्याने पोट भरलेले राहते. पापड, लोणचे, फरसाण आणि हॉटेलचे खाणे दोन दिवस बाजूला ठेवले, की साचलेले पाणीही लवकर उतरते.

सहावी पायरी: उरलेले अन्न

सणाचा दिवस एकच असतो; डबा मात्र चार दिवस पुरतो. दिवाळीत तर चकल्या, लाडू आणि शंकरपाळ्यांचे डबे तुळशीच्या लग्नापर्यंत टेबलावर असतात आणि येता-जाता हात आत जातो. एका दिवसाच्या जेवणापेक्षा हे खाणे अधिक नुकसान करते, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत १९५ प्रौढांच्या वजनाच्या नोंदी ठेवून २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोव्हेंबर ते जानेवारी या सणांच्या काळातील सरासरी वाढ केवळ ३७० ग्रॅमच्या आसपास आढळली. परंतु ती पुढच्या महिन्यांत उतरली नाही. ही छोटी, दरवर्षी अंगावर राहणारी वाढच सांभाळायची असते.

म्हणून पाने उठताच, भांडी घासायला जाण्याआधी, उरलेल्या अन्नाची वाटणी करावी. शेजारी, इमारतीचे राखणदार आणि घरकामाला येणाऱ्या ताई यांना ताजे अन्न त्याच दिवशी द्यावे, उरलेसुरले म्हणून तिसऱ्या दिवशी नव्हे. घरात ठेवायचे असेल, तर पुरणाचे मुठीएवढे गोळे करून फ्रीझरमध्ये ठेवता येतात आणि महिन्याभरात एखाद्या रविवारी दोन ताज्या पोळ्या होतात. फराळाचे डबे उंच फळीवर, झाकण दिसणार नाही असे ठेवावेत, आणि खायचे तेव्हा बशीत काढून, बसून खावे.

सातवी पायरी: असे का झाले, ते लिहावे

दोन-तीन दिवसांनी, मन निवल्यावर, वहीत चार ओळी लिहाव्यात: काय खाल्ले, कोणाबरोबर, त्याआधीचे जेवण केव्हा झाले होते, आदल्या रात्री झोप किती झाली होती. जास्त खाण्याचे सगळे दिवस सारखे नसतात, आणि प्रत्येकावरचा उपाय निराळा असतो.

काही दिवस ठरवून, आनंदाने जेवलेले असतात. गणपतीत उकडीच्या मोदकावर तुपाची धार सोडून आपण जेवलो, यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही. अशा दिवसाला हल्ली ‘चीट डे’ म्हणतात; मला तो शब्द पटत नाही, कारण आईने सकाळपासून उकड मळून केलेल्या मोदकात कोणाचीही फसवणूक झालेली नसते.

काही दिवस मात्र आधीच्या आठवड्यांनी ओढवून आणलेले असतात. नवख्या उत्साहात माणूस भात बंद करतो, रात्रीचे जेवण सोडतो, १,००० कॅलरींवर राहू पाहतो, आणि तिसऱ्या आठवड्यात एखाद्या क्षुल्लक निमित्ताने बांध फुटतो. वहीत ‘दुपारी फक्त सफरचंद’, ‘सकाळपासून काही नाही’ अशा नोंदी वारंवार दिसू लागल्या, तर दोष निर्धारात नाही, आहारात आहे, आणि तो रोज दोनशे-तीनशे कॅलरींनी वाढवावा. वजन थोडे सावकाश उतरेल, पण उतरत राहील. पहिल्या दोन महिन्यांत मी स्वतः याच फेऱ्यात होते आणि त्याला मनाची कमजोरी समजत होते, याचे मला अजूनही वाईट वाटते.

तिसऱ्या प्रकारात भूक नसतेच; थकवा, जागरण, घरातील भांडण किंवा एकटेपण असते. अशा वेळी काय खाल्ले यापेक्षा किती वाजता आणि कशानंतर खाल्ले, हे पाहावे. रात्री अकरा ते एक हीच वेळ पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर पहिला उपाय झोपेची वेळ अलीकडे आणणे हा आहे.

आठवी पायरी: पुढचे निमंत्रण

पुढच्या समारंभाला उपाशी जाऊ नये. तासाभराआधी वाटीभर दही किंवा मूठभर दाणे खाऊन निघावे. पंगतीत आग्रह होणारच, आणि आपल्याकडे तो मायेचाच भाग असल्याने तो तोडून टाकणे बरे दिसत नाही. नकार देताना दुसरे काही मागून घ्यावे, हा मला सापडलेला उत्तम मार्ग आहे. “मावशी, पोळी फार सुरेख झाली आहे, पण आता पोट भरलं. कटाची आमटी मात्र अजून वाटीभर वाढा,” असे म्हटले की मावशींचा मान राहतो आणि आपल्या पानात तुलनेने हलका पदार्थ येतो. पहिल्या वाढपात गोडाचा एकच पदार्थ, जो सर्वांत आवडतो तो, घ्यावा. जिलेबी आवडत नसताना ती केवळ पानात आली म्हणून संपवणे टाळावे, आणि त्यासाठी ती वाढली जाण्याआधीच हात आडवा धरावा.

क्वचित नसेल तेव्हा

आठवड्यातून एकदा किंवा अधिक वेळा, सलग तीन महिने, थोड्या वेळात खूप खाल्ले जात असेल, थांबावेसे वाटूनही थांबता येत नसेल, लाजेमुळे एकट्याने लपून खाणे होत असेल आणि नंतर स्वतःची किळस वाटत असेल, तर ती इच्छाशक्तीची उणीव नाही. मानसोपचारात या विकाराला (‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’) २०१३ पासून अमेरिकी निदानपुस्तिकेत स्वतंत्र स्थान आहे आणि त्यावर उपचार होतात. उलटी काढणे किंवा जुलाब घेणे सुरू झाले असेल, तर तीन महिने थांबण्याचीही गरज नाही. अशा वेळी वजन कमी करण्याचा कार्यक्रम बाजूला ठेवावा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. कोणाकडे जावे हे सुचत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करता येतो आणि तेथे मराठीतही बोलता येते. फोनवर कसे सुरू करावे असा संकोच वाटला, तर ‘मला खाणे थांबवता येत नाही’ एवढेच पहिले वाक्य बोलावे; पुढचे प्रश्न समोरची व्यक्ती विचारते.